सांगावे की झाकावे?

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना अमली पदार्थ हा विषय बरीच वर्षे परका वाटत आला. तो मुंबईचा होता, गोव्याचा होता, सिनेमावाल्यांचा होता. आपल्याकडची यादी तंबाखू, मिश्री, गुटखा आणि कोणाकोणाची लपूनछपून दारू एवढ्यावर संपत असे. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर आणि खाली दापोलीच्या बाजूला चरसच्या पिशव्या लाटांबरोबर वाहत आल्या. त्याच वर्षी डिसेंबरात खोपोलीजवळच्या एका कारखान्यात एमडी तयार होत असल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले. आणि २०२५ च्या जुलैत खुद्द महाडच्या औद्योगिक वसाहतीत छापा पडला. केटामाइनचा साठा सापडला. पोलिसांनी सांगितलेली त्याची किंमत ८८ कोटींच्या वर होती. ज्या वसाहतीत आपल्या घरची माणसे पाळीवर जातात, जिथल्या वासाची आणि धुराची आपल्याला सवय झाली आहे, तिथलीच ही गोष्ट. समुद्र दूर आहे, मुंबई दूर आहे, असे म्हणायला आता जागा उरली नाही.

त्यानंतर आपल्या भागात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला. जुम्म्याची नमाज आटोपून बाहेर पडणारे वडीलधारे तो विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात, घरातल्या आया दबक्या आवाजात विचारतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना हे सगळे सांगायचे का? एमडी म्हणजे काय, चरस आणि गर्द यांत फरक काय, गोळ्या कोणत्या आणि त्यांनी काय होते, हे त्यांच्यासमोर बोलायचे का? की न बोललेलेच बरे?

हा प्रश्न वरवर शिक्षणाचा दिसतो. आम्हांला तो मुळात नीतीचा वाटतो. एखादे ज्ञान धोकादायक आहे म्हणून ते लहानांपासून दूर ठेवणे हा आपला अधिकार आहे, की ते त्यांच्यापर्यंत पोचवणे हे आपले कर्तव्य आहे? दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे प्रामाणिक आहेत. म्हणून कोणाची टर न उडवता दोन्ही बाजू नीट तपासायला हव्यात.

न सांगण्याच्या बाजूचे पहिले म्हणणे असे : ज्याला नावही माहीत नाही, त्याला नाव सांगितले की कुतूहल जागे होते. आपली मुले साधी आहेत. दासगाव, वहूर, तुडीलच्या मोहल्ल्यांतला किंवा पोलादपूरच्या वाडीवरचा पोरगा शाळा, मदरसा, क्रिकेट आणि मोबाइल यांत असतो. त्याच्या डोक्यात हे भूत कशाला घालायचे?

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. काही माहिती खरोखरच वाट दाखवणारी असते. एखादा पदार्थ कुठे मिळतो, कसा घेतात, किती घेतला की 'चढते', हे वर्गात सांगणे म्हणजे विक्रेत्याचे काम फुकटात करून देणे होय. पण त्या पदार्थाने शरीरात काय होते, तो सोडणे अवघड का जाते, मित्र बेशुद्ध पडला तर काय करावे, ही माहिती वेगळ्या जातीची आहे. विहीर कुठे आहे हे सांगणे आणि विहिरीला कठडा बांधणे या दोन गोष्टी एक नाहीत. सांगावे की झाकावे, असा सरसकट प्रश्न केला की उत्तर सापडत नाही. काय सांगावे आणि काय झाकावे, असा केला की सापडू लागते.

शिवाय आपली मुले इथेच राहणार आहेत का, याचाही विचार करायला हवा. महाड-पोलादपूरचे घर म्हणजे अर्धे माणूस इथे आणि अर्धे बाहेर. पूर्वी मुंबईची वखार, गोदी आणि आगबोट होती. मग आखात आले. दहावी-बारावी झाली की मुलगा मुंबईला, मुंब्र्याला, पुण्याला, पनवेलला जातो. कोणाच्या तरी खोलीत चार जणांत पाचवा म्हणून राहतो. सतरा वर्षांचा तो मुलगा ज्या दिवशी एमडी हा शब्द पहिल्यांदा ऐकेल, त्या दिवशी तो कोणाच्या तोंडून ऐकेल? घरी ऐकला नसेल, शाळेत ऐकला नसेल, तर तो देणाऱ्याच्याच तोंडून ऐकेल. देणारा त्याला मूत्रपिंड आणि मेंदू यांच्याविषयी सांगणार नाही. तो सांगेल की थकवा जातो, रात्रभर जागता येते, सगळे घेतात. आपण राखलेले मौन रिकामे राहत नाही. त्या जागी दुसरा कोणीतरी येऊन बोलतो, आणि आपल्या मुलाला त्याच्या बोलण्याशी ताडून पाहायला काहीच नसते.

दुसरे म्हणणे अधिक खोल आहे. ते उघडपणे कोणी मांडत नाही, पण ते आहे. ते बदनामीचे भय. आपल्या नावाचा एखादा मुलगा सापडला की बातमी त्या एका मुलाची राहत नाही, सगळ्या समाजाची होते. म्हणून मोहल्ल्यात असा विषय निघाला तरी लोकांना वाटते, 'आपल्याकडे हे आहे' असे आपणच कशाला कबूल करायचे? मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाचा व्हिसा यायचा असतो.

या भयाला आपल्या परंपरेतला एक सुंदर शब्द आधाराला मिळतो : परदापोशी. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न आणणे, त्यावर पांघरूण घालणे, ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट मानली आहे आणि ती आहेच. पण पांघरूण कशासाठी घालायचे? पडलेल्या माणसाला लाज न वाटता उठता यावे म्हणून. तो पांघरुणाखाली गुदमरत असेल आणि आपण फक्त वरची चादर सरळ करत बसलो, तर ती परदापोशी राहत नाही. ते त्याला टाकून देणे होते. ज्या घरात मुलगा बिघडतो त्या घराची चर्चा न करणे ही परदापोशी. त्या घराच्या दारावर रात्री हळूच जाऊन 'डॉक्टरकडे आम्ही बरोबर येतो' असे सांगणे, ही तर परदापोशीची पुढची पायरी. पण 'आपल्याकडे असले काही नाहीच' असे म्हणत सगळ्यांच्याच मुलांना अंधारात ठेवणे, हा त्या शब्दाचा गैरवापर आहे.

आता सांगायचे ठरले तर कसे सांगायचे? इथे तिसरी वाट समोर येते, आणि ती सगळ्यांत सोपी असल्याने बहुतेकजण तीच धरतात : घाबरवण्याची वाट. फळ्यावर कवटीचे चित्र काढायचे, 'एकदा घेतलेस की संपलास' असे सांगायचे, सगळ्या पदार्थांना एकाच मापाने मोजायचे आणि शेवटी शपथ घ्यायची. हेतू चांगला असतो, पण फळ येत नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस अधिकारी वर्गावर्गांतून जाऊन मुलांना 'नाही म्हणा' असे शिकवत. तो देशभर पसरला. पुढच्या दशकात संशोधकांनी त्याची तपासणी केली, तेव्हा कार्यक्रमात बसलेली मुले आणि न बसलेली मुले यांच्या पुढच्या वागण्यात टिकाऊ फरक आढळला नाही.

कारण समजायला अवघड नाही. मुलाला सांगितले की गांजाचा एक झुरका घेतला की माणूस मरतो. वर्षभराने तो पाहतो की गल्लीतला एकजण गांजा ओढतो आणि हिंडतो-फिरतो आहे. त्या क्षणी मुलाचा गांजावरचा विश्वास वाढतो की नाही कोण जाणे, पण सांगणाऱ्यावरचा नक्की उडतो. मग गर्दबद्दल, एमडीबद्दल सांगितलेले खरेही त्याला खोटे वाटू लागते. चांगल्या हेतूने सांगितलेले खोटे असे उलटते. ज्या दिवशी आपला शब्द त्याच्या सगळ्यांत जास्त उपयोगी पडायचा, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो.

आपल्या दीनमध्ये शिकवण्याची जी रीत आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे असे आम्हांला वाटते. दारूची बंदी एका रात्रीत आली नाही. सूरह बकरहमध्ये प्रथम दारू आणि जुगार यांविषयी सांगितले, ते असे की त्यांत लोकांना काही फायदेही आहेत, पण त्यांतले पाप फायद्याहून मोठे आहे. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजकडे जाऊ नका असा हुकूम झाला. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण मनाई आली आणि तिचे कारणही दिले, की यातून आपसांत वैर माजते आणि माणूस नमाजपासून, अल्लाहच्या स्मरणापासून दूर जातो. आलिमांनी या क्रमाचे अनेक अर्थ लावले आहेत. आम्हांला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पहिल्याच पायरीवर फायदा नाकारलेला नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दारू होती, त्या लोकांना 'यात काहीच नाही' असे सांगितले असते तर त्यांनी मनात म्हटले असते, आम्हांला माहीत आहे त्यात काय आहे ते. त्यांना तराजू दिला. या पारड्यात हे, त्या पारड्यात ते. आता पाहा कोणते जड. अक्कल वापरायला लावून मग हुकूम दिला.

मुलाशी बोलतानाही तसेच बोलावे लागेल. होय, यांतल्या बऱ्याच गोष्टींनी घेणाऱ्याला सुरुवातीला बरे वाटते. नाहीतर कोणी कशाला घेतले असते? मेंदूत आनंदाची जी व्यवस्था अल्लाहने घातली आहे, जी पोटभर जेवल्यावर, कौतुक झाल्यावर, मॅच जिंकल्यावर जागी होते, तिलाच हे पदार्थ एकदम जोरात हलवतात. इतक्या जोरात की नंतर जेवण, कौतुक आणि मॅच यांनी ती हलेनाशी होते. आणि विचार करून थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडेपर्यंत पुरता पक्का झालेला नसतो. म्हणून तेच व्यसन पंधराव्या वर्षी लागले तर जास्त घट्ट बसते. एवढे सांगितले तर मुलाला कळते की आपल्याला मूर्ख समजून बोलत नाहीत.

मग एकेक पदार्थ वेगळा करून सांगावा. सगळे एका पोत्यात भरू नयेत.

सुरुवात घरातल्या वस्तूंपासून करावी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो मिळतो, हे मुलांना माहीत असते. तंबाखू-सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठर होते, तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोग होतो. आजीची मिश्री त्याच घराण्यातली आहे. हे सांगताना वडीलधाऱ्यांना अवघड वाटेल. वाटू द्यावे. खिशात पुडी ठेवून नशाबंदीवर बोलणाऱ्याचे मुले ऐकत नाहीत, त्याच्या खिशाकडे पाहतात.

मग हुंगायच्या वस्तू. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन. या वस्तू दुकानात, गॅरेजात, दप्तरात असतात. त्यांना कोणी अमली पदार्थ म्हणत नाही, म्हणून त्या सगळ्यांत लहान मुलांपर्यंत आधी पोचतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा ते सतरा वयाच्या मुलांत हे हुंगण्याचे प्रमाण १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघाले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला हा एकच प्रकार. याने मेंदूला आणि मज्जातंतूंना इजा होते, आणि कधी कधी हृदयाची लय एकाएकी बिघडून पहिल्याच खेपेलाही जीव जाऊ शकतो. इथे घाबरवायची गरज नाही. खरेच पुरेसे भयंकर आहे.

गांजा आणि चरस एकाच झाडाचे. त्याने वेळेचे भान सैल होते, हसू येते, भूक लागते. रोजच्या सवयीने लक्ष आणि स्मरण मंदावते, अभ्यास सुटतो. काहींना संशय आणि भास सुरू होतात, आणि लहान वयात सुरुवात केली तर हा धोका वाढतो. 'ते तर झाडपाल्याचे आहे' असे कोणी म्हणाले तर कोकणातल्या मुलाला एवढेच विचारावे, की धोतराही झाडपालाच आहे ना?

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या हा शहरांतल्या आपल्या वस्त्यांत शिरलेला प्रकार. गल्लीत त्यांना 'बटण' म्हणतात. मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने अल्प्राझोलामच्या गोळ्यांनी किती घरे हवालदिल केली ते वर्तमानपत्रांतून आले आहे. डॉक्टरने दिली की औषध, मित्राने दिली की विष, हा फरक मुलांना समजतो. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावत जातो. आणि सवय लागल्यावर एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती सोडवायलाही डॉक्टरच हवा. घरात कोंडून 'सुधारणाऱ्या' आईबापांनी हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे.

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध हे अफूच्या कुळातले. दुखणे आणि दुःख दोन्ही थांबवतात, म्हणून फसवतात. प्रमाण वाढत जाते, थांबवले की अंग मोडते, आणि जास्त झाले की श्वास थांबतो. सुई आली की एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू मागोमाग येतात.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, याच्या उलट स्वभावाचे. ते उत्तेजित करते. येमेनमध्ये 'कात' नावाची पाने चघळतात, आखातात राहिलेल्यांनी ऐकले असेल. त्या पानांतल्या द्रव्याचे हे कारखान्यात बनवलेले नातेवाईक. परिणाम तास-दोन तासांत ओसरू लागतो आणि लगेच पुन्हा हवेसे वाटते. छाती धडधडते, दात करकरतात, दोन-दोन रात्री झोप नाही. मग संशय, चिडचिड आणि खोल उदासी. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. पन्नास ग्रॅमहून जास्त सापडले तर दहा ते वीस वर्षांची शिक्षा होऊ शकते.

आणि केटामाइन, जे आपल्या दारात सापडले. हे मुळात भुलीचे औषध. दवाखान्यांत आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे ते रीतसर वापरतात. बाहेर त्याचा वापर नशेसाठी होतो. शरीर आणि मन यांची गाठ सुटल्यासारखी वाटते. वारंवार घेणाऱ्याच्या मूत्राशयाची अशी हानी होते की तरुण पोराला दर अर्ध्या तासाला वेदनांसह उठावे लागते. एकच वस्तू औषध आणि नशा दोन्ही कशी असते, हे या उदाहरणावरून मुलांना चांगले समजावता येते. वस्तूत पाप बसलेले नसते; ती कोणी, कशासाठी, कोणाच्या देखरेखीखाली घेतली यात सगळे आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढे पुराण कशाला? हराम आहे, एवढे सांगितले की झाले. श्रद्धाळू मनाला तेवढे पुरते आणि पुरले पाहिजे, हे आम्हीही मानतो. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट दारूच्याच हुकुमात येते, नाव काहीही असो, यावर आलिमांचे दुमत नाही; चरसाविषयी तर इब्ने तैमियांनी सातशे वर्षांपूर्वी कडक शब्दांत लिहून ठेवले आहे. शरीयत ज्या पाच गोष्टींच्या रक्षणासाठी आहे असे इमाम गझालींनी सांगितले, त्यांत दीन, जीव, वंश आणि मालमत्ता यांच्याबरोबर अक्कल आहे. अक्कल ही अमानत आहे. पण नीट पाहिले तर हाच विचार सांगण्याच्या बाजूने उभा राहतो. जिचे रक्षण करायचे, तिला उपाशी ठेवून ते कसे होईल? कारण न सांगता दिलेला हुकूम मुलगा घरात पाळतो. घराबाहेर, जिथे हुकूम देणारा नसतो, तिथे त्याच्याजवळ फक्त कारण उरते.

आणखी एक प्रश्न उरतो, जो 'हराम' या शब्दाने सुटत नाही. ज्याने आधीच घेतले आहे, त्याचे काय? वर्गात तीस मुले असतील तर त्यांत एखादा असा बसलेला असेल, हे धरूनच बोलावे. तो आपले प्रत्येक वाक्य स्वतःला लावून ऐकत असतो. आपण 'असली मुले वाया गेलेली' म्हटले, की त्याने दार बंद झाल्याचे ऐकले. हदीसमध्ये एका माणसाचा प्रसंग आहे. दारू पिण्याबद्दल त्याला पुन्हा पुन्हा पैगंबरांसमोर आणले जाई आणि शिक्षा होई. एकदा कोणी त्याला शाप दिला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी तसे करण्यापासून रोखले, हा माणूस अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, असे सांगितले. शिक्षा टळली नाही, पण माणूस समाजाबाहेर ढकलला गेला नाही. गुन्हा आणि माणूस यांतले हे अंतर ज्याला राखता येते, त्यानेच मुलांपुढे या विषयावर बोलावे. १९८६ साली डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेही याच दिशेने : व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, त्याला मार नको, उपचार आणि माया हवी. आपल्या शब्दांत त्याला तौबाचे दार उघडे ठेवणे म्हणतात.

कायद्यानेही हे दार ठेवले आहे, पण ते फार थोड्यांना माहीत आहे. १९८५ च्या कायद्याच्या ६४-अ कलमाप्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि ते पुरे केले, तर त्या आरोपाच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. अठरा वर्षांखालच्या मुलाला नशेची वस्तू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'पोलिसांत जावे लागेल' या भीतीने पोराला लपवणाऱ्या आईला हे सांगायला हवे. १४४४६ हा नशामुक्तीचा मदतक्रमांक तिच्या मोबाइलमध्ये असायला हवा. आणि मुलांना सांगावे की सोबती बेशुद्ध पडला, ओठ निळे पडले, श्वास घरघरू लागला, तर पळून जाऊ नका. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, त्याने काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगा. एक जीव वाचवणे म्हणजे काय, हे मदरशात शिकलेल्या मुलाला वेगळे समजवावे लागत नाही.

आपल्या भागासाठी आणखी एक धडा लागतो, तो पुस्तकांत नसतो. आखातात जाणाऱ्याच्या हातात कोणीतरी ओळखीचा पुडके देतो : एवढे तिकडे पोचव. २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे कतारच्या विमानतळावर असेच पकडले गेले. एका नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात चरस निघाले. दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची मुलगी तुरुंगातच जन्मली. इकडच्या तपासातून त्यांची फसवणूक सिद्ध झाली आणि २०२१ मध्ये ती सुटली. तिकडच्या देशांत कायदा कडक आहे. सौदीत तस्करीला मृत्युदंडही आहे. आपल्या स्वयंपाकघरातली खसखससुद्धा अमिरातीत आणि सौदीत चालत नाही. ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधे कागदपत्रांशिवाय नेली तर अडकायला होते. बेशक हा मुरवतीचा प्रश्न आहे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे आपल्याकडे अवघड. पण ते 'नाही' म्हणायला सतराव्या वर्षी शिकवावे लागते. सत्ताविसाव्या वर्षी, विमानतळाच्या दारात, ते सुचत नाही.

हे सगळे सांगितले म्हणजे मुले वाचतीलच का? नाही. हे स्पष्ट बोलावे. माहिती हे तावीज नव्हे. नुसत्या माहितीने मुले वाचत नाहीत, हे आइसलँडच्या अनुभवानेही दाखवले आहे. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूने झिंगल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी व्याख्याने वाढवली नाहीत. मुलांना खेळ, संगीत, क्लब दिले, आईबापांना मुलांबरोबर वेळ घालवायला लावले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधने आणली. आपल्या घरांत बाप दोन वर्षांतून एकदा येतो आणि तोही पाहुण्यासारखा. आईच्या हातात पैसे येतात, पण शब्द येत नाहीत. तिला मुलाशी या विषयावर बोलायचे शब्द कोण देणार? आणि मुलींना? नशा हा मुलग्यांचा विषय असे धरून मुलींना वगळले जाते. उद्या भावाची, नवऱ्याची, मुलाची नशा पहिल्यांदा ओळखायची वेळ मात्र त्यांच्यावरच येते.

मुलांना हे पेलेल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी गेली काही वर्षे आठवावीत. २०२० च्या २४ ऑगस्टला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन कोसळली, सोळा माणसे गेली. पुढच्याच वर्षी २२ जुलैच्या महापुरात महाड बुडाले, तळीयेवर डोंगर कोसळला, पोलादपूरच्या वाड्यांतही माणसे गाडली गेली. तेव्हा आपल्या पोरांनी ढिगारे उपसले, चिखल काढला, घरोघर पाणी आणि जेवण पोचवले. धर्म-जात न पाहता पोचवले. त्या वेळी कोणी म्हटले नाही, की ही लहान आहेत, यांना मृत्यू दाखवू नका. ज्यांनी ते पाहिले आणि निभावले, त्यांना एका पुडीविषयी खरे ऐकणे जड जाईल, हे मानायला आम्ही तयार नाही. जड जाते ते आपल्याला, सांगणाऱ्यांना.

महाडच्या इतिहासात जागा देण्याला फार मोल आहे. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या परिषदेला मांडव घालायला गावात कोणी जमीन देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या आपल्याच एका माणसाने आपली जागा दिली. तो विषय त्याच्या घरचा नव्हता, तरी दिली. हा विषय तर आपल्या घरचाच आहे. जमातखान्याचा हॉल, मदरशाची संध्याकाळची वेळ, शाळेचा एक तास, जुम्म्याच्या बयानातली दहा मिनिटे. एवढी जागा द्यायची आहे. डॉक्टर बोलेल, मौलवीसाहेब बोलतील, व्यसनातून बाहेर आलेला कोणी बोलायला तयार झाला तर त्याला सन्मानाने बसवावे. पण सगळ्यांत मोठी जागा घरातच आहे. रात्रीच्या जेवणानंतर मुलाने एखादा अडचणीचा प्रश्न विचारला, तर 'हे तुला कोणी शिकवले?' असे न विचारता उत्तर द्यायचे, इतकीच ती जागा.

सांगूनही एखादा मुलगा घसरेल. पण ज्याला घरात खरे सांगितले गेले आहे, त्याला घसरल्यावर कुठे परत यायचे ते माहीत असते. न सांगितलेला मुलगा घसरतो, तेव्हा तो दाराशी येऊनही दार ठोठावत नाही. सांगावे की झाकावे, याचे आमचे उत्तर एवढ्यावर ठरते.